कोयना : भाग्यरेषा आणि निर्णय



आजचा विषय आहे कोयना धरणाचा इतिहास. मी इंजिनिअर नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे आयोजकांनी विषय सुचवला तेव्हा पहिल्यांदा मी म्हटलं, अहो, यावर बोलायला जाणकार माणूस बोलवा. पण नंतर वाटलं, मी कराडचा. कोयनेच्या पाण्यावर वाढलो आणि कोयनेच्या भूकंपानं अंथरुणातून उठलो. तर जे मला समजलंय ते मांडायला हरकत नाही. आकडे थोडे येतील, त्यांना घाबरू नका.

सुरुवात एका शब्दापासून करतो. कोयनेला आपण 'महाराष्ट्राची भाग्यरेषा' म्हणतो. पाठ्यपुस्तकात म्हणतो, भाषणात म्हणतो. चांगला शब्द आहे. पण माझा धंदाच शब्दांकडे संशयानं बघण्याचा, म्हणून विचारतो : भाग्य म्हणजे काय? जे आपोआप कपाळी येतं ते. त्याला कुणी जबाबदार नसतं. भाग्याचे आभार मानता येतात, भाग्याला दोष देता येतो, पण भाग्याला प्रश्न विचारता येत नाही. आणि धरण ही तर अशी वस्तू आहे की तिच्यात एक दगडसुद्धा आपोआप आलेला नाही. ती निर्णयांची बनलेली आहे. भाग्य म्हटलं की त्यातले निर्णय दिसेनासे होतात. आज आपण ते निर्णय एकेक करून बघू.

नदी आणि तिचं वळण

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचा उगम मानतात. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री. यातली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. कृष्णा पूर्वेला जाते. कोयनेचं मात्र वेगळं आहे. ती सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर, सरळ दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटर वाहते. मग हेळवाकजवळ काटकोनात वळते, पूर्वेला निघते, आणि कराडला कृष्णेला समोरासमोर भेटते. आमचा प्रीतिसंगम तो हा. एकाच डोंगरावरून निघालेल्या दोन बहिणी इतक्या अंतरावर पुन्हा भेटतात म्हणून लोकांना त्याचं अप्रूप.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. कोयना दक्षिणेला वाहतेय आणि तिच्या उजव्या हाताला, काही किलोमीटरवर, सह्याद्रीचा कडा तुटलाय. त्या कड्याखाली कोकण. नदीचं पाणी वर, कोकण खाली, आणि मधे फक्त डोंगराची एक भिंत. फरक किती? साधारण पावणेपाचशे मीटर. त्यात पाऊस असा की नवजा, महाबळेश्वर या भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो.

हे पाहून कुणाही इंजिनिअरला एकच सुचणार : डोंगराला भोक पाडा आणि पाणी पश्चिमेला सोडा.

त्याचा हिशेब अगदी शाळेतला आहे. एक हजार लिटर पाणी घ्या. आपल्या गच्चीवरची काळी टाकी असते ना, तेवढं. ते पावणेपाचशे मीटर खाली पडलं की घर्षण आणि यंत्रांची घट वजा जाता एका युनिटाहून थोडी जास्त वीज मिळते. एका टाकीला एक युनिट. लहान वाटतं. पण धरणात टाक्या किती? कोयनेची साठवणक्षमता आज १०५.२५ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. थोडक्यात, एका टीएमसीला जवळपास पावणेतीन कोटी टाक्या. आता गुणाकार तुम्ही घरी करा.

हा विचार स्वातंत्र्यानंतरचा नाही. सह्याद्रीवर पाणी अडवायचं आणि कोकणात पाडायचं हा प्रयोग टाटांनी आधीच केला होता. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. मग आंध्र खोऱ्याच्या पाण्यावर भिवपुरी आलं आणि १९२७ च्या सुमारास मुळशीच्या पाण्यावर भिरा. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुरातून या विजेवर आल्या. कोयनेचाही विचार त्या काळात झाला होता, पण तो मागे पडला.

आता मुळशीचं नाव घेतलंच आहे, तर थोडं थांबू. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. त्या दिवशी मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. पुढे त्याचं नेतृत्व सेनापती बापटांकडे आलं. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. हा लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण झालं. त्यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बऱ्याच जमिनींचे कागदोपत्री मालक होते सावकार, आणि कसणारे होते मावळे. सावकारांना मोबदला चालत होता, कारण त्यांच्या दृष्टीनं जमीन म्हणजे किंमत. कसणाऱ्याला किंमत घेऊन करायचं काय? तो दुसरीकडे जाऊन कोण होणार? म्हणजे 'मालकाची संमती मिळाली' हे वाक्य कायद्यानं खरं आणि तरी प्रश्न जिथल्या तिथे. हा प्रश्न पुढे कोयनेत पुन्हा येणार आहे.

पाणी कुठून कुठे जातं

कोयनेचं काम १९५४ च्या सुमारास सुरू झालं. जागा पाटण तालुक्यातलं देशमुखवाडी. पुढे तिथे वसाहत झाली तिचं नाव कोयनानगर. धरण रबल काँक्रीटचं, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड रोवत उभं केलेलं. उंची १०३ मीटर, लांबी ८०७ मीटर. तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो. धरण उभं राहता राहता, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. नव्या राज्याला दाखवायला एक मोठी गोष्ट हवी होती, ती तयारच होती. 'भाग्यरेषा' हा शब्द त्या उमेदीतून आला. त्या उमेदीची थट्टा मी करणार नाही. आमच्या घरात विजेचा पहिला दिवा लागला तो दिवस मला आठवतो. आई त्या दिव्याला नमस्कार करून मग स्वयंपाकाला लागली होती.

पाण्याचा प्रवास सांगतो. लोकांचा एक गैरसमज असतो की वीज धरणाच्या भिंतीत तयार होते. कोयनेत मुख्य वीज भिंतीपासून दूर, सह्याद्रीच्या पोटात तयार होते. शिवसागर जलाशयातून नवजाजवळ पाणी बोगद्यात शिरतं. हा बोगदा डोंगराखालून पश्चिमेला जातो. त्याच्या टोकाला उल्लोळ विहीर असते. वीजनिर्मिती अचानक थांबली तर धावत आलेलं पाणी कुठेतरी चढायला हवं, नाहीतर ते बोगदाच फोडेल. त्यासाठी ती मोकळी विहीर. तिथून पोलादी नळांतून पाणी खाली झेपावतं आणि पोफळीच्या भूमिगत वीजघरात पोचतं. तिथे पेल्टन पद्धतीची चाकं आहेत. चाकाच्या कडेला ओंजळीसारखे वाडगे असतात आणि त्यांवर पाण्याची जोरदार धार मारतात. चाक फिरलं की जनित्र फिरलं.

पहिलं जनित्र १९६२ साली चालू झालं. पोफळीतले पहिला आणि दुसरा असे दोन टप्पे मिळून आज ६०० मेगावॅट. तिथून सुटलेलं पाणी वाया घालवायचं नाही म्हणून खाली कोळकेवाडीला आणखी एक धरण बांधलं आणि सत्तरच्या दशकात तिसरा टप्पा केला, ३२० मेगावॅट. म्हणजे तेच पाणी दोनदा राबतं. मग ते वाशिष्ठी नदीत जातं, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला आणि अरबी समुद्राला मिळतं.

बघा काय झालं. जे पाणी कराड, सांगली, कर्नाटक, तेलंगण, आंध्र असं हजारेक किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचं, ते आता शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत अरबी समुद्राला मिळतं. नदीचा समुद्र बदलला! हा पहिला आणि सगळ्यात मोठा निर्णय. पूर्वेला गेलं असतं तर त्या पाण्यानं शेत भिजलं असतं. पश्चिमेला गेलं तर दिवा लागतो. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या थेंबाला दोन्ही करता येत नाहीत. म्हणूनच कृष्णा पाणीतंटा लवादानं, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, मर्यादा घातली. कोयनेतून पश्चिमेकडे विजेसाठी वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'त्याग' हा शब्द

आता दुसरा निर्णय. हे पाणी जिथे साठलं, तिथे माणसं राहत होती.

शंभराच्या आसपास गावं, नऊ हजारांहून जास्त कुटुंबं. त्यांपैकी काही पूर्ण बुडाली, काहींची शेती बुडाली. मुळशीत समोर परकं सरकार होतं आणि एक कंपनी होती, त्यामुळे कुणाशी लढायचं हे स्पष्ट होतं. कोयनेत सरकार आपलं होतं. माणसं आपली होती, कराड-पाटणची. मोठी लढाई झाली नाही. लोकांनी ऐकलं, विश्वास ठेवला आणि उठले.

माझ्या वर्गात त्या खोऱ्यातला एक मुलगा होता. आमच्या गल्लीत मामाकडे राहून शिकायचा. त्याचे वडील नव्या जागी गेले होते, सांगली जिल्ह्यातल्या माळावर. एकदा आले होते. मी त्यांना विचारलं, काका, नवीन जमीन कशी आहे? म्हणाले, "बाळ, जमीन चांगली असंल, पण मला तिची भाषा येत नाही." ते भात आणि नाचणी पिकवणारे. उताराची जमीन, धो धो पाऊस. त्यांना मिळाली कोरडवाहू सपाट जमीन. पन्नाशीच्या माणसाला शेतीची बाराखडी पुन्हा गिरवायला सांगितली होती. कागदोपत्री 'जमिनीला जमीन' मिळाली होती. त्या मुलाला उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही विचारायचो, गावाला जाणार का? तो म्हणायचा, पाणी उतरलं तर. मे महिन्यात पाणी मागे हटलं की जोती उघडी पडायची, आणि माणसं आपलं जोतं बघायला जायची.

सगळे माळावर गेले नाहीत. काही सांगली-सोलापूरकडे गेले, काही कोकणात, रायगड-ठाण्याकडे. बरेच जण कुठेच गेले नाहीत. पाणी चढत गेलं तसे ते डोंगरावर वर वर सरकले आणि उरलेल्या उतारावर राहिले. १९८५ साली तिथे कोयना अभयारण्य झालं, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. आता त्यांतल्या काहींना पुन्हा उठायची वेळ आली. आजोबांना विजेसाठी, नातवाला वाघासाठी. वीज हवी, वाघही हवा. पण दोन्हींची किंमत त्याच एका घराकडून घ्यायची हे कुठल्या न्यायात बसतं? आणि त्यांतल्या काही वाड्यांना कित्येक वर्षं वीजच नव्हती. लाँचमधून तळ्यावरून यायचं आणि रात्री कंदील लावायचा.

आपण या लोकांबद्दल आदरानं बोलतो, 'त्यांनी मोठा त्याग केला' म्हणतो. माझी या शब्दाला हरकत आहे. त्याग हा करणाऱ्याचा असतो. मी उपास केला तर तो त्याग. माझ्या ताटातली भाकरी दुसऱ्यानं उचलली आणि नंतर माझ्या त्यागाबद्दल भाषण केलं, तर तो त्याग होत नाही. ते झालं ऋण. आणि दोन शब्दांत फरक मोठा आहे. त्यागाची परतफेड वंदन करून होते, ऋणाची परतफेड फेडूनच होते. 'बहुजनांच्या सुखासाठी' हा युक्तिवाद मी नाकारत नाही, मिल मी तीस वर्षं शिकवला. पण मिलचा हिशेब खरा ठरायला खर्चाची बाजू पूर्ण लिहावी लागते. आपण जमेची बाजू मेगावॅटमध्ये लिहिली आणि खर्चाची बाजू कवितेत लिहिली.

यातून काही चांगलंही निघालं, ते सांगितलं पाहिजे. महाराष्ट्रानं १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशातला तो पहिला. त्याचं तत्त्व साधं आणि फार शहाणपणाचं होतं : ज्याच्या शेताला धरणाचं पाणी मिळतं, त्यानं आपल्या जमिनीचा काही हिस्सा ज्याचं शेत बुडालं त्याच्यासाठी द्यायचा. लाभ घेणारा आणि गमावणारा यांना कायद्यानं समोरासमोर आणलं. पण कोयनेचे लोक त्याच्या वीस वर्षं आधी उठले होते. आणि त्यांचा लाभधारक होता कोण? गिरणी, कारखाना, मुंबईतला दिवा. त्याच्याकडून जमिनीचा हिस्सा कसा मागणार? त्यामुळे कोयनेच्या धरणग्रस्तांना अगदी अलीकडच्या वर्षांपर्यंत धरणं धरून बसावं लागलं. नातवंडं बसली होती.

११ डिसेंबर १९६७

आता तिसरी गोष्ट. तेव्हा मी सतरा वर्षांचा. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. आधी आवाज आला, जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा. मग मांडणीवरची भांडी सगळी एकदम खाली. वडील ओरडले, "बाहेर!" डिसेंबरची थंडी, आम्ही सगळी गल्ली रस्त्यावर. कुणाच्या अंगावर घोंगडी, कुणाच्या काहीच नाही. थोड्या वेळानं कुणीतरी म्हणालं, धरण फुटलं. मग जी पळापळ झाली ती मी विसरणार नाही. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन लोक उंचावर निघाले. आम्ही उजाडेपर्यंत नदीकडे बघत बसलो होतो. पाणी आलं नाही.

धरण फुटलं नव्हतं. पण कोयनानगर पडलं होतं. बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. दोनशेच्या आसपास माणसं गेली, दीड हजारांवर जखमी झाली. मुंबईची वीज गेली. भूकंपाची तीव्रता ६.३ च्या आसपास होती. धरणाच्या उंच खंडांना, जिथे भिंतीचा उतार बदलतो त्या पातळीला, आडव्या भेगा पडल्या. धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के धरला होता. प्रत्यक्षात धरणातल्या यंत्रावर नोंद झाली ती जवळपास दहापट. तरी ते उभं राहिलं, हे बांधणाऱ्यांचं श्रेय आहे आणि ते द्यायलाच हवं. नंतर पोलादी तारांनी ताणून आणि मागून काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन त्याला बळकट केलं.

पाचच टक्के का धरले? कारण दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, इथे मोठे भूकंप होत नाहीत, असं शास्त्र मानत होतं. ही कुणा एकाची चूक नव्हती. पण १९६२ मध्ये पाणी भरायला सुरुवात झाल्यापासून जमिनीतून आवाज येत होते, लहान धक्के बसत होते. सप्टेंबर १९६७ ला एक मोठा धक्का बसला होता. लोक सांगत होते. खेड्यातल्या माणसाचं म्हणणं असं होतं की पाणी भरलं तेव्हापासून जमीन बोलायला लागली. त्याला आपण अडाणीपणा म्हणत होतो. पुढे शास्त्रज्ञांनी तेच वेगळ्या भाषेत मांडलं. मोठ्या जलाशयामुळे पाण्याचा दाब खडकाच्या फटींत उतरतो आणि आधीच ताणाखाली असलेला भ्रंश सरकू शकतो. चीनमधलं शिनफेंगज्यांग, आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता ही त्याच दशकातली उदाहरणं. कोयना त्यांतलं सगळ्यात मोठं ठरलं. आज कराडजवळ हजारमाची इथे यासाठी संशोधन केंद्र आहे, आणि त्या भागात तीन किलोमीटर खोल भोक घेऊन अभ्यास झाला आहे.

आता इथे एक वाक्य नेहमी ऐकू येतं : धरण हे भूकंपाचं कारण नाही, फक्त निमित्त आहे. ताण जमिनीत होताच, पाण्यानं निमित्त झालं. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. पण 'फक्त निमित्त' म्हणजे काय हो? बोलीत निमित्त म्हणजे किरकोळ बहाणा. आपल्या न्यायदर्शनात मात्र कारणं तीन प्रकारची सांगितली आहेत : समवायी, असमवायी आणि निमित्त. नेहमीचं उदाहरण घड्याचं. माती हे समवायी कारण, मातीच्या भागांचा संयोग हे असमवायी. आणि निमित्त कारण कोण? कुंभार! म्हणजे नैयायिकांच्या हिशेबात निमित्त किरकोळ नाही. ज्याला विचारपूस करता येते असा कर्ता निमित्तकारणांतच बसतो. मातीला 'घडा असा का केलास' विचारता येत नाही, कुंभाराला येतं. भ्रंशाला विचारता येत नाही, जलाशय भरणाऱ्याला येतं. तेव्हा 'फक्त निमित्त' म्हणून सुटका होत नाही. उलट जबाबदारी तिथेच सुरू होते.

युरोपात हाच वाद एकदा झाला होता. १७५५ साली लिस्बन भूकंपानं उद्ध्वस्त झालं. व्होल्तेरनं विचारलं, या जगात असलं दुःख का? रूसोनं त्याला पत्र लिहून जे कळवलं त्याचा आशय असा की अरे, वीस हजार उंच घरं दाटीवाटीनं निसर्गानं बांधली नव्हती. जमीन हलणं निसर्गाचं. कोण कसल्या घरात झोपलं होतं, हे माणसाचं. कोयनानगरात दगडमातीच्या भिंतींखाली माणसं गेली, त्यांत धरणाचे कामगार होते. धरणाच्या भिंतीचा भूकंपाला धरून हिशेब झाला होता, थोडा का होईना. घराच्या भिंतीचा झाला नव्हता.

आजचं धरण : रोजचा निर्णय

बरं, हा सगळा जुना इतिहास झाला असं म्हणाल. पण धरण बांधून संपत नाही, ते रोज चालवावं लागतं.

कोयनेचं जलवर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मे ला संपतं. विजेसाठी पाणी ६७.५ टीएमसी. मग १९९९-२००० मध्ये चौथा टप्पा आला, तब्बल १००० मेगावॅटचा. त्यासाठी मार्च १९९९ मध्ये लेक टॅपिंग केलं. तळ्याखालून बोगदा खणत न्यायचा, शेवटी खडकाचं एक बूच ठेवायचं आणि ते स्फोटानं उडवायचं. तळं रिकामं न करता तळाला भोक! आशियातला पहिला प्रयोग म्हणून तो सांगितला जातो. दुसरा २०१२ मध्ये झाला, पातळी खाली गेली तरी पाणी घेता यावं म्हणून. चारही टप्पे मिळून १९२० मेगावॅट.

आता प्रश्न विचारा. पाण्याची मर्यादा तीच, मग हजार मेगावॅट वाढवून काय मिळालं? पाणी वाढलं नाही, म्हणजे वर्षभरातली एकूण वीज काही त्या प्रमाणात वाढली नाही. वाढली ती एकदम देण्याची ताकद. संध्याकाळी सात वाजता सगळा महाराष्ट्र दिवे लावतो, तेव्हा मागणी एकदम चढते. कोळशाचं केंद्र असं पटकन चढत-उतरत नाही, त्याला तास लागतात. जलविद्युत जनित्र काही मिनिटांत पूर्ण जोरात येतं. म्हणून कोयना दिवसभर कमी आणि गरजेच्या वेळी भरपूर चालवतात. कोयना ही महाराष्ट्राच्या विजेची तिजोरी आहे, आणि ती कधी उघडायची हे ठरवणारा माणूस भार प्रेषण केंद्रात बसलेला असतो.

त्याच तिजोरीकडे इतरही बघत असतात. सांगलीचा शेतकरी म्हणतो, उन्हाळ्यात ताकारी-टेंभूच्या योजनांना पाणी सोडा. त्यासाठी पूर्वेला सोडलेल्या पाण्यावर धरणाच्या पायथ्याशी एक लहान वीजघर चालतं, पण पायथ्याला मिळणारी उंची थोडी. तेच पाणी पोफळीला गेलं असतं तर कितीतरी पट वीज देऊन गेलं असतं. पाऊस कमी झालेल्या वर्षी ही ओढाताण उघड दिसते. आणि जास्त झालेल्या वर्षी उलटी. २००५ आणि २०१९ ला कृष्णाकाठ बुडाला. तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि कधी सोडलं? २०२१ ला चिपळूण बुडालं, तिथेही कोळकेवाडीच्या पाण्याची चर्चा झाली. यात एक पेच आहे आणि तो खरा आहे. वीज आणि शेती यांना धरण भरलेलं हवं. पुराला ते जुलैत थोडं रिकामं हवं. रिकामं ठेवलं आणि नंतर पाऊस आला नाही, तर सगळे विचारणार, पाणी का सोडलं? दरवाजावर बसलेल्या अभियंत्याची अवस्था मी समजू शकतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हा पेच त्याच्या एकट्यावर टाकू नका. पाणी किती, कुणाला, कधी, हे कोणत्या नियमानं ठरतं ते कराडच्या, सांगलीच्या, चिपळूणच्या माणसाला समजेल अशा मराठीत आधी सांगा. पूर आल्यावर 'निसर्गाचा कोप' म्हणायचं आणि वीज आल्यावर 'आमची कामगिरी' म्हणायचं, हे बरोबर नाही. दोन्हीकडे एकच माप लावा.

शेवटी

मी धरणाच्या विरोधात बोललो असं कुणाला वाटलं असेल तर ते खरं नाही. धरण नसतं तर मी कंदिलाखाली शिकलो असतो. माझ्या आईनं दिव्याला नमस्कार केला, तो मला आजही बरोबर वाटतो. फक्त त्या नमस्कारात एक नाव कमी होतं, ते आपण नंतर भरायचं राहून गेलं.

आमच्या वर्गातला तो मुलगा पुढे शिक्षक झाला. काही वर्षांपूर्वी भेटला. मी म्हटलं, अरे, वडिलांच्या गावी गेला होतास का? म्हणाला, "गेलो होतो, मे महिन्यात. जोतं दिसलं. तुळशीवृंदावनाचा दगड अजून आहे." मग हसून म्हणाला, "सर लोक सगळे भाग्यरेषा म्हणतात. आमच्या हातावरची पुसली तेव्हा तुमच्या हातावर उमटली, एवढंच." त्यात कडवटपणा नव्हता. त्याला कुणी वंदन करावं अशीही इच्छा नव्हती. त्याच्या भावाचा जमिनीचा अर्ज अजून एका कचेरीत पडून होता, त्याचं काय झालं ते विचारायला तो निघाला होता.

तेव्हा मित्रहो, संध्याकाळी घरी जाऊन बटण दाबाल. त्यामागं एक टाकी पाणी आहे, ते पूर्वेला जाऊ शकलं असतं. त्याच्याखाली कुणाचं जोतं आहे. ते भाग्यानं तुमच्याकडे आलेलं नाही, कुणीतरी ठरवून पाठवलंय, आणि त्यातलं काही अजून देणं आहे. एवढं आठवलं तरी आजचं बोलणं सार्थकी लागलं म्हणेन.